पंधरा मिनिटांचे मध्यंतर आणि ‘आपली’ बिअर: टॉटनहॅमचे प्रकरण

उत्तर लंडनमधल्या टॉटनहॅम हॉटस्पर क्लबच्या नव्या स्टेडियममध्ये ३ एप्रिल २०१९ रोजी पहिला लीग सामना झाला. क्रिस्टल पॅलेसविरुद्धचा तो सामना टॉटनहॅमने, म्हणजे चाहत्यांच्या ‘स्पर्स’ने, २-० असा जिंकला. सुमारे एक अब्ज पौंड खर्चून बांधलेल्या या वास्तूत मिरवण्यासारखे बरेच काही होते. त्यातच आत थाटलेली एक छोटी ब्रुअरीही होती. ती बीव्हरटाउनची. टॉटनहॅममध्येच, मैदानापासून दोन-अडीच किलोमीटरवर कारखाना असलेली ही क्राफ्ट ब्रुअरी, म्हणजे लहान प्रमाणावर, चवीवर भर देऊन बिअर बनवणारी. फुटबॉल स्टेडियममध्ये मायक्रोब्रुअरी जगात पहिल्यांदाच होते आहे, असा क्लबचा दावा होता.

स्टेडियममधली बिअर म्हणजे पाणचट, महाग आणि रांगेत उभे राहून हात हलवत परत यायची वस्तू, असे इंग्लंडमधल्या फुटबॉलप्रेमींनी वर्षानुवर्षे गृहीत धरलेले आहे. तिथे आपल्याच वस्तीतल्या ब्रुअरीची, नाव घेण्याजोगी बिअर मिळणार म्हटल्यावर चाहते सुखावले यात नवल नाही. पण स्टेडियमचे दरवाजे उघडण्याच्या दहा महिने आधी, जून २०१८ मध्ये, अॅमस्टरडॅमच्या हायनेकेन या बड्या बिअर कंपनीने चार कोटी पौंड मोजून बीव्हरटाउनमध्ये ४९ टक्के हिस्सा घेतला होता. सप्टेंबर २०२२ मध्ये उरलेली ब्रुअरीही त्यांनी घेतली. म्हणजे चाहत्यांनी ‘आपली’ म्हणून जिचा पहिला पाइंट उचलला, ती तेव्हाच अर्धी अॅमस्टरडॅमची झाली होती.

यात कुणी कुणाला फसवले असे मला वाटत नाही. सगळे व्यवहार वर्तमानपत्रांतून जाहीर झाले. ताकाला जाऊन भांडे कुणी लपवले नाही. तरीही चाहत्यांच्या मनात काहीतरी खुपत राहिले, आणि दोष मालकाच्या हव्यासावर टाकून बरेच जण मोकळे झाले. माझे मत वेगळे आहे. इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या मैदानात बिअर कुठे आणि कधी प्यायची हे कायद्याने आखून दिले आहे. त्या चौकटीत मोठ्या स्टेडियमला पुरवठा करायचा तर लहान ब्रुअरीला लहान राहता येतच नाही. ही गाठ कशी पडते, ते या प्रकरणात नीट दिसते.

जमीनच मुळी ब्रुअरीची

स्पर्स आणि बिअर यांचा संबंध २०१९ मध्ये जुळला असे नाही. १८९९ साली क्लब नव्या मैदानाच्या शोधात होता, तेव्हा टॉटनहॅमच्या मुख्य रस्त्यावरच्या, म्हणजे हाय रोडवरच्या, ‘व्हाइट हार्ट’ पबमागची एक ओस पडलेली रोपवाटिका नजरेस आली. जमीन चॅरिंग्टन्स या ब्रुअरीची. पब चालवणाऱ्याने आधी मिलवॉलच्या मैदानाजवळ धंदा केला होता असे सांगतात, त्यामुळे शनिवारी दुपारी फुटबॉलची गर्दी गल्ल्यात किती टाकते हे त्याला कुणी शिकवायला नको होते. ब्रुअरीने जमीन दिली ती अट घालून: पहिल्या संघाच्या सामन्याला किमान १,००० आणि राखीव संघाच्या सामन्याला किमान ५०० प्रेक्षक आले पाहिजेत. ४ सप्टेंबर १८९९ रोजी नॉट्स काउंटीविरुद्ध पहिला सामना झाला. १९०५ मध्ये क्लबने ८,९०० पौंडांना ती जमीन विकत घेतली, आणि २०१७ च्या मे महिन्यापर्यंत स्पर्स तिथेच, व्हाइट हार्ट लेनवर खेळले. नवे स्टेडियमही जवळपास त्याच जागी उभे आहे.

ब्रुअरीला तेव्हा माणसे मैदानात आणायची होती, कारण मैदानात आलेला माणूस पुढे तिच्याच पबमध्ये येणार होता. आज बिअर विकणारा क्लबच आहे, आणि माणसाने पबमध्ये रेंगाळू नये, लवकर आत यावे, अशी त्याची इच्छा आहे. गिऱ्हाईक तेच, तहानही तीच. फक्त गल्ला रस्त्याच्या पलीकडून अलीकडे आला.

बीव्हरटाउन कुठली?

‘स्थानिक’ या शब्दावर स्पर्सचे चाहते जरा जास्तच हळवे आहेत, आणि त्याला कारण आहे. शेजारचा हाडवैरी आर्सेनल हा मूळचा थेम्सपलीकडच्या वुलिचचा. १९१३ मध्ये तो उत्तरेला हायबरीत आला, आणि शंभर वर्षे उलटून गेली तरी स्पर्सवाले त्याला उपरा म्हणायचे सोडत नाहीत. त्यांच्या दृष्टीने उत्तर लंडन म्हणजे आपण. अशा लोकांसमोर ‘तुमच्या भागातली ब्रुअरी’ म्हणून कुणी आले की तिची कुळकथा तपासली जाणारच.

तपासली तर ती अशी. २०११ च्या सुमारास लोगन प्लांट या तरुणाने हॅकनी भागातल्या एका बार्बेक्यू रेस्तराँच्या स्वयंपाकघरात बिअर बनवायला सुरुवात केली. तो आधी बँडमध्ये गात असे. ‘लेड झेपेलिन’चा गायक रॉबर्ट प्लांट त्याचे वडील, आणि वडील वुल्व्हरहॅम्प्टनच्या वुल्व्हज क्लबचे उपाध्यक्ष! म्हणजे घराणे मिडलंड्सचे, ब्रुअरीचा जन्म हॅकनीतला. ब्रुअरी टॉटनहॅम हेलच्या औद्योगिक वसाहतीत आली ती २०१४ मध्ये, जागा अपुरी पडू लागली म्हणून. स्टेडियम उघडले तेव्हा तिला टॉटनहॅमकर होऊन जेमतेम पाच वर्षे झाली होती.

टॉटनहॅमची आणखी एक ब्रुअरी होती. रिडेम्पशन २०१० पासून तिथे पारंपरिक कास्क एल, म्हणजे पिंपातच मुरणारी बिअर, बनवत होती, आणि ‘हॉपस्पर’ नावाची तिची एक एलही होती. नावावरूनच कळते कुणासाठी. आसपासच्या पबांतून ती मिळे. मग ‘स्थानिक’ हा निकष खरा असता तर मान तिचा होता, असा मुद्दा जाणकार चाहते काढत, आणि तो वरवर बिनतोडही वाटतो. स्टेडियमच्या बारमागे काय चालते ते पाहिले की त्यातली अडचण कळते.

पंधरा मिनिटे

१९८५ हे इंग्लिश फुटबॉलचे काळे वर्ष. मार्चमध्ये ल्यूटनच्या मैदानावर मिलवॉलच्या समर्थकांनी दंगल केली. मे महिन्याच्या अखेरीस ब्रसेल्समधल्या हेझेल स्टेडियममध्ये युव्हेंट्स आणि लिव्हरपूल यांच्यातल्या युरोपियन कपच्या अंतिम सामन्याआधी ३९ माणसे मेली. त्याच वर्षी जुलैत ब्रिटिश संसदेने क्रीडा सामन्यांतल्या मद्यावर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. त्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये वरच्या स्तरांतल्या फुटबॉल सामन्यात, जिथून मैदान दिसते अशा कोणत्याही जागी प्रेक्षकाला हातात मद्य धरता येत नाही. सामन्याआधी दोन तास ही बंदी लागते आणि सामना संपल्यावर एक तासाने उठते. स्टँडच्या मागच्या मार्गिकेत, जिथून मैदान दिसत नाही, तिथे मात्र परवाना असेल तर विक्री चालते. क्रिकेट आणि रग्बीला हा कायदा लागू नाही. लॉर्ड्सवर माणूस खुर्चीत बसून बिअर पितो. स्कॉटलंडमध्ये नियम आणखी कडक आहेत, आणि त्यांचे मूळ १९८० च्या स्कॉटिश कप अंतिम सामन्यानंतर हॅम्पडनवर सेल्टिक आणि रेंजर्सच्या समर्थकांत झालेल्या हाणामारीत आहे.

या नियमाचा हेतू काहीही असो, परिणाम असा झाला की सगळी तहान एका वेळेला गोळा झाली. ग्लास घेऊन खुर्चीवर जाता येत नाही, म्हणजे सामना सुरू होण्याआधी उभ्याउभ्या संपवायचा, किंवा मध्यंतरात. आणि मध्यंतर फुटबॉलच्या नियमांनुसार पंधरा मिनिटांहून मोठे नाही.

आकडे मांडून पाहू. स्पर्सच्या स्टेडियमची क्षमता ६२,८५०. समजा त्यातल्या एक तृतीयांश लोकांना मध्यंतरात एकेक पाइंट हवा आहे. म्हणजे साधारण २१,०००. खुर्चीवरून उठून जिना उतरायला आणि परत जायला लागणारा वेळ वजा केला तर हातात राहतात दहा मिनिटे. म्हणजे मिनिटाला २,१०० पाइंट. नेहमीच्या नळावर चांगला हात बसलेला माणूस मिनिटाला दोनेक पाइंट भरून, पैसे घेऊन पुढे सरकवील. मग हजारभर नळ आणि तितकीच माणसे हवीत. एवढी माणसे महिन्यातून दोन-तीन दिवस, तेही पंधरा मिनिटांसाठी, कुणी नेमत नाही.

स्पर्सने यावर उपाय केला तो यंत्राचा. दक्षिण स्टँडमध्ये ६५ मीटर लांबीचा ‘गोल लाइन बार’ बांधला आणि ग्लास तळातून भरणारी अमेरिकन यंत्रणा बसवली. प्लास्टिकच्या ग्लासाच्या तळाला भोक असते, त्यावर आतून एक चपटी चुंबकी चकती. ग्लास यंत्राच्या तोटीवर दाबून ठेवला की चकती वर उचलली जाते, बिअर खालून चक्राकार वर चढते, ठरलेल्या मापाला आपोआप थांबते, वर फेसाचा नीट थर येतो. ग्लास उचलला की चकती पुन्हा बसते आणि तळ बंद. वाढणाऱ्याला ग्लास तिरपा धरून उभे राहावे लागत नाही. चार ग्लास एकदम ठेवून तो पैशांकडे वळू शकतो. पैसेही कार्डानेच, स्टेडियमभर रोख चालत नाही. (गमतीखातर तळाची चकती बोटाने वर ढकलणारा एखादा महाभाग प्रत्येक स्टँडमध्ये असतोच. त्याच्या बुटांचे काय होते ते सांगायला नको.)

या सगळ्या यंत्रणेतून मिनिटाला १०,००० पाइंट भरता येतात, असे तेव्हा सांगितले गेले. हिशेब केला तर पंधरा मिनिटांत दीड लाख, म्हणजे माणशी दोनाहून जास्त. अर्थात तेवढे कुणी पीत नाही. पण यंत्र अडणार नाही, अडली तर माणसे अडतील, हे त्यावरून कळते.

त्याच स्टेडियममध्ये ऑक्टोबर २०१९ पासून अमेरिकन फुटबॉलचे एनएफएल सामनेही होतात, आणि त्यांना १९८५ चा कायदा लागू नाही. प्रेक्षक बिअर घेऊन खुर्चीवर बसतो, तीन तासांच्या खेळात हवे तेव्हा उठतो. बार तेच, यंत्र तेच, ग्लासही तेच. पण मागणी तीन तासांवर पसरते, धक्काबुक्की कमी होते. स्टेडियमच्या बिअरचे रूप कायद्याने घडते असे मी म्हणतो, ते ही दोन दृश्ये शेजारीशेजारी ठेवून.

केग आणि कास्क

आता रिडेम्पशनच्या मुद्द्याकडे येऊ. कास्क एल ही जिवंत बिअर. पिंपात भरल्यावरही तिच्यात यीस्ट काम करत असते. पबच्या तळघरात पिंप आडवे ठेवून, आतला वायू बाहेर पडू देऊन, गाळ खाली बसेपर्यंत थांबावे लागते. एक दिवस, कधी जास्त. ती दाबाखाली येत नाही, हातपंपाने ओढावी लागते, दोन-तीन दमांत ग्लास भरतो. आणि एकदा पिंप फोडले की आत हवा जाते, तीनेक दिवसांत चव उतरते. पबमध्ये हे सगळे गुण आहेत. रोजचे गिऱ्हाईक असते, पिंप दोन दिवसांत संपते, आणि हातपंप ओढणाऱ्याशी दोन शब्द बोलणे हाच अर्धा आनंद.

स्टेडियममध्ये यातला एकेक गुण अवगुण ठरतो. मध्यंतरात हातपंपाला वेळ नाही. सामना झाला की पुढचा घरचा सामना कदाचित दोन आठवड्यांनी. फोडलेले पिंप तोवर मोरीत जाणार. केगमधली, म्हणजे धातूच्या पिंपातली, बिअर मात्र बंद असते, गॅसच्या दाबाखाली, थंड. ती वाट पाहते. बीव्हरटाउनचे सगळे नाव केग आणि कॅनमधल्या बिअरवर झाले: ‘गॅमा रे’ ही ५.४ टक्क्यांची अमेरिकन पेल एल आणि ‘नेक ऑइल’ ही ४.३ टक्क्यांची हलकी आयपीए. माझ्या मते स्टेडियमला खरी चालणारी बिअर म्हणजे यांतली दुसरी, ‘नेक ऑइल’. हॉप्सचा वास भरपूर, मद्य बेताचे, आणि पाच मिनिटांत संपवली तरी घशाशी न येणारी. फुटबॉलच्या मध्यंतरासाठी कुणी बिअर बेतायची ठरवली असती तर ती साधारण अशीच निघाली असती.

म्हणजे दोन टॉटनहॅमकर ब्रुअरींत निवड झाली ती आवडीनिवडीची नव्हती. एकीची बिअर यंत्रातून जाऊ शकत होती, दुसरीची नाही.

‘लहान’ म्हणजे किती?

हा भाग मला सगळ्यांत बोलका वाटतो. स्टेडियममधल्या मायक्रोब्रुअरीची क्षमता वर्षाला दहा लाख पाइंट असल्याचे सांगितले गेले. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलिलिटरचा; म्हणजे ५,६८० हेक्टोलिटर. आता ब्रिटनचा त्या काळचा अबकारी नियम पाहा. २००२ पासून लहान ब्रुअरींना करात सवलत होती, आणि वर्षाला ५,००० हेक्टोलिटरपर्यंत बिअर बनवणाऱ्याला कर निम्मा लागे. ५,००० हेक्टोलिटर म्हणजे सुमारे ८ लाख ८० हजार पाइंट. सरकारच्या लेखी पूर्ण सवलतीला पात्र असलेली आख्खी ब्रुअरी जेवढी बिअर बनवील, त्याहून जास्त या एका स्टेडियमच्या कोपऱ्यातल्या ‘मायक्रो’ला झेपणार होती!

दहा लाख पाइंट वर्षभरातल्या पंचवीसेक सामन्यांत वाटले तर दर सामन्याला ४०,०००. पन्नास लिटरच्या केगमध्ये मोजले तर साडेचारशे केग. ही क्षमता आहे, खप नव्हे, हे खरे. पण करार करताना क्लब क्षमताच पाहतो. आर्सेनलविरुद्धच्या डर्बीच्या दिवशी बिअर संपली तर उत्तर ब्रुअरीने द्यायचे असते. त्यासाठी टाक्या हव्यात, शीतगृह हवे, केगचा साठा हवा, आणि पैसे हाती पडेपर्यंत कच्चा माल उधारीवर घ्यायची ऐपत हवी. त्यातच बीव्हरटाउनला लंडनबाहेर पबांत आणि सुपरमार्केटांत जायचे होते. हायनेकेनचे पैसे ज्यासाठी घेतले तो मोठा कारखाना, ‘बीव्हरवर्ल्ड’, २०२० मध्ये शेजारच्या एन्फिल्डमध्ये सुरू झाला. योगायोग असा की स्पर्सचे सराव केंद्रही एन्फिल्डमध्येच.

या वाटेने जाणारी ती एकटी नव्हती. २०१५ मध्ये लंडनची मीनटाइम ही ब्रुअरी सॅबमिलर या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेली, कॅम्डन टाउन ब्रुअरी एबी इनबेव्ह या तशाच दुसऱ्या कंपनीकडे. २०१७ मध्ये ब्रिक्स्टन ब्रुअरीत हायनेकेनने हिस्सा घेतला, आणि लंडन फील्ड्स ब्रुअरी कार्ल्सबर्गच्या छत्राखाली गेली. २०१९ च्या जानेवारीत फुलर्ससारख्या जुन्या घराण्याने आपला बिअरचा धंदा जपानच्या असाहीला विकल्याचे जाहीर केले. क्राफ्ट बिअर म्हणजे काय याची ब्रिटनच्या कायद्यात व्याख्या नाही, त्यामुळे मालक बदलला तरी पाटीवरचा ‘क्राफ्ट’ हा शब्द कुणी पुसत नाही. स्वतंत्र ब्रुअरींच्या संघटनेने २०१६ मध्ये स्वतंत्र असल्याची खूण म्हणून एक शिक्का काढला तो यासाठीच.

चाहत्यांचे म्हणणे

हायनेकेनची बातमी आली तेव्हा आधी भडका उडाला तो चाहत्यांत नव्हे, ब्रुअरींच्या जगात. बीव्हरटाउनने २०१८ च्या सप्टेंबरमध्ये भरवलेल्या बिअर महोत्सवातून अनेक नामवंत ब्रुअरींनी अंग काढून घेतले. फुटबॉलवाल्यांच्या प्रतिक्रिया मात्र मिश्र होत्या, आणि त्यांच्या वादातले मुद्दे मला जास्त व्यवहारी वाटतात.

एक गट म्हणतो, बिअर चांगली आहे ना, मग मालकी कुणाची याच्याशी काय करायचे? आधी जे मिळे त्यापेक्षा हे शंभर पटीने बरे. हा मुद्दा झटकून टाकता येत नाही. क्लबचा मालकही बहामात राहणारा अब्जाधीश होता, खेळाडू पाच खंडांतले, शर्टावर विम्याच्या कंपनीचे नाव. आणि बिअर तेवढी हाय रोडवरच्या माणसाने बनवलेली हवी, हा हट्ट जरा विचित्रच. दुसऱ्या गटाचा राग बिअरवर नसून पाटीवर आहे. पुरवठा मोठ्या कंपनीचा आहे तर तसे लिहा, बीव्हरटाउनचे ते कवटीचे चित्र आणि ‘टॉटनहॅमची आपली’ असा सूर लावून क्राफ्टचा भाव घेऊ नका. मला हा दुसरा मुद्दा अधिक पटतो. चाहता जास्तीचे पैसे कुठल्यातरी समजुतीवर मोजतो. ती समजूत खरी आहे की नाही हे त्याला बारवर उभे असताना कळले पाहिजे.

आणि एक तिसरे म्हणणे आहे, जे मोठ्याने कमी ऐकू येते: आम्हाला स्टेडियममध्ये प्यायचेच नाही. हे बहुतेक जुने सीझन तिकीटवाले. त्यांचा शनिवार ठरलेला असतो. तोच पब, तीच मंडळी, दोन पाइंट आणि मग चालत मैदान. त्यांच्यासाठी स्टेडियममधल्या बिअरचा दर्जा सुधारणे हीच काळजीची गोष्ट आहे.

हाय रोडवर काय होते

कारण क्लबची खरी स्पर्धा पबशी आहे. नव्या स्टेडियमचे दरवाजे सामन्याच्या खूप आधी उघडतात, बार सामन्यानंतरही चालू राहतात. बाहेर पडणारी गर्दी टप्प्याटप्प्याने स्टेशनकडे जावी हे त्यामागचे एक कारण आहे, आणि ते योग्यही आहे. साठ हजार माणसे एकाच वेळी रस्त्यावर आली तर काय होते ते हाय रोडला ठाऊक आहे. पण आत घालवलेला प्रत्येक तास बाहेरच्या पबच्या गल्ल्यातून वजा होतो. बिअर वाईट होती तोवर पबला भीती नव्हती. चांगली बिअर आत आल्यावर ते कुंपण पडले. पुढे स्टेडियमलगतच्या ‘कॉर्नर पिन’ या जुन्या पबच्या इमारतीवरही बीव्हरटाउनचे नाव लागले, म्हणजे रस्त्यावरचा गिऱ्हाईकही त्याच साखळीत.

याच्या उलट्या टोकाला ‘अँटवर्प आर्म्स’ आहे. स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावरचा हा जुना पब बंद पडून बिल्डरच्या हाती जाणार होता, तेव्हा परिसरातल्या लोकांनी पैसे गोळा करून तो विकत घेतला. २०१५ पासून तो लोकांच्या मालकीचा आहे. ‘स्थानिक’ या शब्दाला मालकीच्या कागदावर जागा मिळते ती अशी. मात्र अँटवर्प आर्म्सला मध्यंतरात वीस हजार पाइंट भरायचे नसतात, म्हणून त्याला ते परवडते.

मागता काय येईल

२०२१ मध्ये इंग्लिश फुटबॉलच्या कारभाराचा चाहत्यांच्या बाजूने आढावा घेतला गेला. त्यात खालच्या स्तरांत, म्हणजे लीग टू आणि नॅशनल लीगमध्ये, मैदान दिसेल अशा जागी मद्य नेऊ देण्याचा प्रयोग करून पाहावा अशी शिफारस होती. मध्यंतरातली झुंबड कमी व्हावी आणि लहान क्लबांना चार पैसे मिळावेत हा विचार. प्रीमियर लीगसाठी तशी शिफारस नव्हती, त्यामुळे स्पर्सच्या चाहत्याची पंधरा मिनिटे एवढ्यात तरी वाढणार नाहीत. यंत्र राहील, केग राहतील, आणि मुख्य पुरवठा कुठल्यातरी मोठ्या कंपनीकडेच राहील. तिथे ‘परत स्थानिक करा’ असा आग्रह धरणे म्हणजे दगडावर डोके आपटणे.

जागा आहे ती मध्यंतराच्या दोन्ही बाजूंना. सामन्याआधीचे दोन तास आणि नंतरचा तास यांत घाई नसते. त्या वेळात एखादा बार हातपंपावर चालू शकतो, आणि तिथे आसपासच्या लहान ब्रुअरींची बिअर पाळीपाळीने ठेवता येते. प्रीमियर लीगच्या प्रत्येक क्लबला आता चाहत्यांचे सल्लागार मंडळ ठेवावे लागते, आणि सामन्याच्या दिवसाची व्यवस्था हा त्या मंडळापुढे ठेवण्याचा रास्त विषय आहे. तिथे ‘हायनेकेन नको’ असे म्हणून काही हाती लागणार नाही. ‘एक बार कास्कसाठी द्या, आणि प्रत्येक नळावर ब्रुअरीच्या नावाखाली मालकाचे नाव लिहा’ ही मागणी नाकारायला क्लबला कारण शोधावे लागेल.

अडचण उरते ती फोडलेल्या पिंपाची. दोन सामन्यांत दोन आठवड्यांचे अंतर असेल तर उरलेली बिअर फुकट जाते, आणि पावसाळी मंगळवारच्या सामन्याला किती खपेल हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही. त्या नुकसानीचा धनी कोण, हे करारात पहिल्याच पानावर लिहून घ्यावे लागेल. दहा-बारा पिंपे वाया गेली तर लहान ब्रुअरीचा त्या महिन्याचा नफा जातो. क्लबच्या ताळेबंदात ती रक्कम शोधूनही सापडणार नाही.